भिकुबाई सुतक पाळत नाही

नरडाण्याची भिकुबाई अंधारात चमकते, अशी आवई आमच्या गल्लीत उठली होती. कलाबाई तर गळ्याला चिमटा घेऊन सांगायची, "मन्हा डोयानी देखं व माय! कंदीलनी गत!" वर हेही, की तिच्या खाटेखाली कोंबडी मेली.

कोंबडी मुंगसानं नेली होती आणि भिकुबाई चमकत नाही. झालं एवढंच, की तीन वर्षं तिचं तोंड मधूनच लालबुंद व्हायचं, पोट धड राहायचं नाही. गल्ली म्हणायची, बाई तापट. धुळ्याला तपासलं तेव्हा आतड्यात गाठ निघाली, यकृतापर्यंत पसरलेली. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. कापून काढायची वेळ टळलेली. मग मुंबईच्या दवाखान्यात सलाईनमधून किरणोत्सारी औषध सुरू झालं. ते गाठीच्या पेशी हुडकून त्यांना चिकटतं आणि तिथल्या तिथं जाळतं. दोन-दोन महिन्यांनी एक, असे चार डोस.

दुसरा घेऊन आली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं : सात दिवस लहान लेकरं आणि गरोदर बाया लांब. तिनं खाटेभोवती चुन्याची रेघच ओढली. नातू रेघेपाशी आला की, "थांब रे गाड्या!" आठव्या दिवशी रेघ स्वतःच्या हातानं पुसली.

गल्लीनं मात्र पुसली नाही. सात दिवस लांब बसली म्हणजे सुतकच की! आणि सुतक कुठं सातात फिटतं? ज्योतीकाकू म्हणाली, "तेरा होऊ दे, मंग गोमूत्र शिंपडू."

"पन मरनं कोन?" भिकुबाई ओट्यावरून गरजली. "मी ते जित्ती शे!"

दहाव्या दिवशी तिची बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पाळी होती. उन्हाळ्यात आमच्याकडे रोज एकीच्या घरी साऱ्या बाया जमून बिबडे थापतात, धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, वाळत घालतात, आणि त्यासाठी ज्वारीच्या पिठाचा दाट घाटा वीस वर्षं घरोघरी भिकुबाईच शिजवत आलेली. तिच्याच पाळीला कोणी आलं नाही, तर ती जितेपणीच गल्लीतून उठल्यात जमा.

सून म्हणाली, "आत्याबाई, तीन दिवस पुढं ढकलू."

"तीन घडी बी नही!"

तिनं चूल मांडली ती भर गल्लीत. घाट्यात लसूण-मिरची पडली, तीळ पडले, वाफ दारोदार फिरली. वाटीभर घाट्यावर तेल ओतून तिनं आधी स्वतः चाटूनपुसून खाल्ला. मग हाळी : "ज्याले भ्याव वाटस, तो घरमा बसीसन नुसता वास लेवो!"

पहिली आली कलाबाई. पदराखाली वाटी. "मी ते नुसती देखाले उनू..."

"देख ना. चमकस का मी?"

कलाबाईनं खरंच वाकून पाहिलं. "नही व माय." आणि वाटी पुढं केली. "तेल जरा जास्ती टाक."

मग बठ्ठ्या, झाडून साऱ्या, आल्या. ज्योतीकाकू गोमूत्राची बाटली घेऊन आली. भिकुबाईनं बाटली कोनाड्यात सारली आणि तिच्या हातात ओलं फडकं कोंबलं : "थाप!"

गाठी किती जळाल्या ते स्कॅन सांगेल. तिसरा डोस पुढच्या महिन्यात. आणि मी? पाचाच्या वर बाया आल्या तर दिवसभर धाब्यावर कावळे हाकीन, अशी भिकुबाईशीच पैज मारून बसलो होतो. अकरा आल्या.