ढिम्मीचा डावा कान

चूक एका बटणाची होती. चित्रं काढणाऱ्यांना एक सवय असते. काढलेलं चित्र उलटं करून बघायचं. रोज बघून बघून जे व्यंग डोळ्यांना दिसेनासं झालेलं असतं, ते चित्र उलटं केलं की बोंबलत वर येतं. पूर्वी त्यासाठी आरसा धरायचे, आता संगणकावर एक बटण दाबलं की डाव्याचं उजवं होतं. त्याने ते दाबलं, चित्र डोळे बारीक करून न्याहाळलं, तोल झकास आहे म्हणून स्वतःशीच मान डोलावली, आणि परत सरळ करायचं विसरून त्याच उलट्या चित्रावर नावं-बाण टाकून, मंजुरीची सही घेऊन चार प्रती काढल्या. त्या चार टेबलांवर ठेवून तो निर्धास्तपणे जेवायला गेला.

तीन आठवड्यांनी चूक सापडली आणि त्याचं नाव 'आरसा' पडलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता पगारपत्रकापुरतं उरलंय. हे लिहिणाऱ्याचं आणि त्याचं तोंड एकच आहे, पण या प्रकरणात 'मी' म्हणायला अजून जीभ रेटत नाही, तेव्हा आरसाच म्हणू.

चित्र होतं एका गाढविणीचं, आणि ती होती बाईंची.

बाई म्हणजे स्टुडिओतल्या पात्रं घडवणाऱ्या बाई. वय एकोणसाठ, चष्मा दोऱ्याला, पेन्सिल अंबाड्यात. आयुष्याची बावीस वर्षं त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात भिंतीवरचे तक्ते रंगवण्यात घालवली होती: घोड्याचा खांदा, गाईचं पोट, कुत्र्याचा जबडा. कॉलेजने छापील तक्ते आणले आणि बाई मोकळ्या झाल्या. कार्टूनच्या धंद्यात शिरल्या तेव्हा सगळे म्हणाले, या वयात? बाई म्हणाल्या, "हाडं तीच आहेत. फक्त आता ती हलणार."

मूळ कथेत नायिका हरणी होती. निर्मात्यांना, म्हणजे साहेबांना, हरणीच हवी होती. मोठे डोळे, लांब पापण्या, खेळणी काढली तर खपतील. बाईंनी महिनाभर हरणी काढली आणि एक दिवस वही मिटून साहेबांसमोर ठेवली.

"हरीण घाबरलं की पळतं, साहेब. पळालं की गोष्ट संपली. मला असं जनावर द्या जे घाबरलं की थांबतं."

"असं कोणतं जनावर?"

"गाढव. पुढे धोका दिसला की ते पाय रोवतं आणि विचार करतं. मागचा माणूस त्याला हट्ट म्हणतो आणि काठी घालतो. आपल्या नायिकेचं सगळं दुःख तेवढंच आहे."

गाढवापुढे गीता वाचतात हे साहेबांना माहीत होतं, गाढवासाठी कोणी इतकं बोलतं हे नवीन होतं. शेवटी हो म्हणाले, पण कुरकुरत. त्या 'हो'मधून ढिम्मी जन्मली.

बाई लागोपाठ अकरा रविवार गावाबाहेरच्या वीटभट्टीवर जाऊन बसल्या. तिथे एक करडी गाढवीण होती, डाव्या कानाला खाच पडलेली. बाईंनी तिचे पाय काढले नाहीत, डोळे काढले नाहीत, अकरा रविवार फक्त कान काढले. ढिम्मीचा सगळा अभिनय कानांत, असं त्यांनी ठरवलं. चांगला उजवा कान आधी वळणार, खाचेचा डावा जरा मागून येणार. त्या मधल्या क्षणात ती विचार करते आहे असं बघणाऱ्याला वाटणार. भुवया नाहीत, पापण्या नाहीत, हसू नाही.

साहेबांना इथेच घाम फुटला. भुवया नसलेली नायिका! "प्रेक्षकाला कळणार कसं, बाई, हिच्या मनात काय आहे ते?"

तेव्हा बाईंनी पैज मारली. चाळीस सेकंदांचा एक प्रसंग. ढिम्मी विटा घेऊन लाकडी पुलाशी येते आणि थांबते. मालक ओढतो, ओरडतो, ती हलत नाही. अगदी शेवटी पुलाची तडकलेली फळी दिसते. "फळी दिसायच्या आधी बघायला आलेल्या, गोष्ट माहीत नसलेल्या एका तरी माणसाला कळलं पाहिजे की पूल मोडका आहे. नाही कळलं, तर भुवया मी स्वतः काढून देईन."

"आणि पापण्या?"

"पापण्याही. रिबीनसुद्धा बांधेन."

प्रसंग दाखवायचा दिवस ठरला शुक्रवार, सकाळी अकरा.

चूक सापडली त्याच आठवड्यातल्या मंगळवारी. सेकंदाला बारा चित्रं, चाळीस सेकंदांची चारशे ऐंशी. पहिली एकशे एकोणसत्तर बाईंनी स्वतः काढलेली, त्यांना नमुना बघायची गरज नव्हती. उरलेली तीनशे अकरा आरशाने आणि इतर तिघांनी मिळून काढलेली, आरशाने वाटलेला नमुना समोर ठेवून. मंगळवारी सगळी पहिल्यांदा एकत्र चालवून बघितली. चौदा सेकंद ढिम्मी झकास चालली. मग तिच्या डाव्या कानाची खाच टुणकन उडी मारून उजव्या कानावर गेली आणि तिथेच राहिली. जो कान आधी वळायचा तो मागून यायला लागला. विचार करणारी गाढवीण पाहता पाहता नुसती बावळट दिसू लागली.

नमुना कोणी तयार केला ते सगळ्यांना ठाऊक होतं.

नेमके तेव्हाच साहेब दारात. "काय झालं? कोणाची चूक?"

बाईंनी टेबलावरचा नमुना उचलला आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "सही माझी आहे, साहेब. न बघता केली. चूक माझी."

आरसा कानकोंडा होऊन खाली बघत राहिला. 'नाही साहेब, माझी' एवढे तीन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले आणि तिथूनच माघारी गेले. त्याच्या शाळेचे हेडमास्तर म्हणायचे, खरं बोलायला एक क्षण लागतो. तो क्षण नेमका कोणता ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "शुक्रवार बदलणार नाही. पैसे घालणारे लोक येतायत."

"बदलू नकाच," बाई म्हणाल्या.

साहेब गेल्यावर एकाने सुचवलं, उरलेले सगळे कागद उलटे करून स्कॅन करूया, खाच आपोआप डावीकडे येईल. "येईल की," बाई म्हणाल्या, "आणि ढिम्मी पुलाकडे पाठ करून घरी निघेल." मग त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. "फक्त कान. बाकी कशाला हात लावायचा नाही. कान खोडा आणि कान काढा. झालेल्या चित्राचा आकडा या यादीवर टिक करा."

कान खोडायला एक मिनिट लागतं. काढायला मात्र दहा, कारण आधीच्या आणि नंतरच्या चित्राचा कागद खाली ठेवून, काचेखालचा दिवा लावून, दोन्हींच्या मधला कान शोधावा लागतो. आरशाचं खोडरबर पहिल्याच संध्याकाळी संपलं. इमारत सातला बंद व्हायची. वॉचमन किल्ल्या वाजवत यायचा आणि म्हणायचा, "गाढवाला झोपू द्या आता." त्या दिवशी चाळीससुद्धा झाले नव्हते.

बुधवारी बाई आल्या नाहीत. त्यांच्या थोरल्या बहिणीला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून त्या घरी बसून काम करणार होत्या. कागदांचा गठ्ठा घेऊन आरसा त्यांच्याकडे गेला. दोन खोल्या, खिडकीशी टेबल, दाराशी खुर्ची, आणि खुर्चीत पाठमोऱ्या मोठ्या ताई, कुठल्याशा कपड्याला गुंडी लावत.

"ताई, बाई आहेत का?" त्याने डावीकडून विचारलं.

काहीच नाही. त्याने पुन्हा विचारलं, थोडं मोठ्याने. मग ताईंच्या मानेचा उजवा भाग किंचित उचलला गेला, उजवा कान आधी दाराकडे आला, आणि क्षणभराने बाकीचा चेहरा सावकाश मागून वळला. मधला तो एक क्षण त्या नुसत्या थांबल्या होत्या. आलेला माणूस बरा की वाईट, याचा निवाडा चालू होता.

आरसा गठ्ठा घेऊन तसाच उभा राहिला. ही ढिम्मी होती. वीटभट्टीवरच्या गाढविणीने फक्त खाच दिली होती. बाकी सगळं इथे, या खुर्चीत बसलेलं होतं.

"छोटी, तुझा आरसा आलाय," ताईंनी आत हाक दिली. एकोणसाठ वर्षांची छोटी आतून म्हणाली, "बसव त्याला."

"बस रे. उजवीकडे बस, डावा कान लहानपणापासून बंद आहे. लोक एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात. माझा दुसरा बंद, त्यामुळे सगळं आत साठून राहतं." गठ्ठ्यातलं वरचं चित्र त्यांनी डोळ्यांजवळ धरलं. "हिला कोणी मारलं का?"

"मारत नाहीत. ओढतात."

"तेच ते. आमच्या मास्तरांना वाटायचं मी हट्टी आहे. हाक मारली तरी उठत नाही म्हणून बाकावर उभं करायचे. छोटी रोज घरी येऊन रडायची. मी नाही रडायचे, मला ऐकूच यायचं नाही ते काय बोलले." त्या हसल्या आणि चित्र परत दिलं. "चांगली आहे. पण हिचे कान उलटे आहेत."

आतून पेन्सिलीचा आवाज थांबला. बाई दारात आल्या, बहिणीकडे बघितलं, मग आरशाकडे. "कळलं का," त्या हळूच म्हणाल्या, "तू काय उलटं केलंस ते?"

आरशाने मान डोलावली. मंगळवारी त्याला भीती नोकरीची वाटत होती. आता वाटत होती ती भुवयांची. शुक्रवारी हरलो तर त्या कपाळावर भुवया बसतील, ओठांवर हसू येईल, आणि बाकावर उभी राहणारी ती मुलगी पुन्हा एकदा कोणालाच कळणार नाही.

गुरुवारी दुपारी चारला यादीवर शेवटचे साठ आकडे उरले. म्हणजे फळी दिसायच्या आधीचे पाच सेकंद. कागद पाचच्या आत स्कॅनिंगला द्यायचे होते. चौघांनी जीव काढला तरी वीस झाले असते. आरशाने आकडेमोड करून बघितली, परत केली, उत्तर तेच आलं.

बाईंनी साठ कागदांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. वरचा एक ठेवला आणि बाकीचे एकोणसाठ टेबलाखाली टाकले.

"हिला उभी करा."

"म्हणजे?"

"एकच चित्र. पाच सेकंद."

"बाई, पाच सेकंद काहीच हललं नाही तर लोकांना वाटेल मशीन अडकलं," आरसा म्हणाला. आवाज त्याच्या मनात होता त्यापेक्षा वर गेला होता.

"गाढव घाबरलं की काय करतं?"

"थांबतं."

"मग थांबू दे की तिला."

ते एक चित्र बाईंनी स्वतः काढलं. चाळीस मिनिटं लागली. दोन्ही कान पुलाकडे, खाचेचा किंचित मागे. पाचला दोन मिनिटं कमी असताना गठ्ठा स्कॅनिंगला गेला.

शुक्रवारी छोट्या खोलीत अकरा खुर्च्या भरल्या. साहेब, पैसे घालणारे चौघे, स्टुडिओचे लोक, आणि साहेबांचे हिशेबनीस, ज्यांना कार्टून या गोष्टीतलं फक्त बिल समजायचं. आरसा बाईंच्या मागे बसला. दिवे गेले.

ढिम्मी आली. विटा, धूळ, मागे मालक. चौदा सेकंद उलटले, खाच जागच्या जागी. आरशाने श्वास सोडला. सतराव्या सेकंदाला खाच उजव्या कानावर गेली आणि परत आली. सेकंदाचा बारावा भाग. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पण आरशाने ते पाहिलं, आणि त्याला आकडाही कळला: दोनशे सात. त्याने दोनशे सहाचा कान काढला होता आणि टिक दोन्हींवर केली होती. पुढच्या खुर्चीच्या हातावर बाईंचं एक बोट उचललं गेलं आणि परत टेकलं. मान वळली नाही.

मालक ओढत होता. मग ढिम्मी थांबली, ती थांबलीच. काहीच हलेना. एक सेकंद. दोन. पैसे घालणाऱ्यांपैकी एकजण मशीनकडे वळून बघू लागला. तीन.

"अहो, पूल गेलेला दिसतोय," हिशेबनीस पुटपुटले. कोणाला उद्देशून नव्हे, जिना उतरताना पायरी तुटकी दिसली की माणूस म्हणतो तसं.

चार. पाच. पडद्यावर तडकलेली फळी आली.

दिवे लागले तेव्हा साहेब हिशेबनिसांकडेच बघत होते, जणू घरचाच माणूस फितूर निघाला. "भुवया नकोत," ते शेवटी म्हणाले. "पण पोस्टरवर पापण्या लागतील."

"पोस्टर तुमचं," बाई म्हणाल्या. "हलते ती माझी."

बाहेर जिन्यात आरशाने बाईंना आणि साहेबांना गाठलं. मंगळवारी गिळलेले तीन शब्द त्याने तिथे, साहेबांच्या देखत, एकदाचे बोलून टाकले. साहेबांनी मोबाइलवरून डोळे न काढता "बरं, बरं" म्हटलं आणि खाली उतरले. तीन दिवस उशीर झालेल्या सत्याला एवढंच मिळतं.

"ते मिटलं," बाई म्हणाल्या. "पण माझा एक कान तुझ्याकडे राहिला."

"सोमवारी देतो."

सोमवारी प्रसंग जसाच्या तसा रंगवायला गेला, मग पुढचे प्रसंग आले, मग चित्रपट पुरा झाला. दोनशे सात त्यात तसाच आहे, बघितलात तरी दिसायचा नाही. बाई आता घरीच असतात, ताईंच्या उजव्या बाजूला खुर्ची टाकून. आरसा महिन्या-दोन महिन्यांनी जातो. दार उघडताच पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आणलास?"

त्याने तो कान आजवर तेवीस वेळा काढलाय. कधी तो घाबरलेला होतो, कधी नुसता हट्टी. विचार करणारा अजून एकही जमलेला नाही. "पुढच्या वेळी नक्की, बाई," तो म्हणतो आणि ताईंच्या उजवीकडे जाऊन बसतो.