पुसून टाकलेला पाण्याचा रेणू

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरुडच्या बसस्टँडवर उभा होतो. हार्ट अटॅक. फोन करणारे आमचे विभागप्रमुख दुसऱ्याच वाक्याला म्हणाले, "शोकसभा मोठी करू, त्याच्या पेपरवर तुम्ही बोला." माणूस अजून घरातच होता आणि यांना पेपर आठवला. मला शिसारी आली.

तो संशोधनाचा पेपर आम्हा दोघांचा. नांदेडच्या आमच्या कॉलेजात सलीम संगणकावर हिवतापाच्या परजीवीचं एक प्रथिन घेऊन बसायचा. प्रथिनाला खोबण असते. तिच्यात औषधाचा रेणू घट्ट बसला, तर परजीवीचं काम थांबण्याची आशा. हजारो रेणू एकेक करून बसवून पाहायचे, गुण द्यायचे, वरचे निवडायचे. त्याआधी प्रथिनाच्या रचनेत अडकलेले पाण्याचे रेणू सरसकट पुसून टाकायचे, ही कामाची रीत. सगळेच पुसतात, आम्हीही पुसले. पहिल्या आलेल्या रेणूवरचा पेपर छापून आला, विभागप्रमुखांनी पेढे वाटले.

वर्षभराने सलीम माझ्या घरी आला. चहाला हात लावेना. "बालाजी, लई चुकलं. त्या खोबणीत एक पाणी पक्कं बसलेलं हाय, हालत न्हाई. आपण तेच पुसलं. ते ठेवून पुन्हा चालवलं... आपला रेणू आत जातच न्हाई." पेपर मागे घेतोय असं संशोधन मासिकाला कळवणारं पत्र त्याने लिहिलं होतं, दोघांच्या सह्या लागत होत्या. विभागप्रमुख म्हणाले, "कोण वाचतंय? गप बसा." आणि मी? मी म्हणालो, "माझी बढती होऊ दे, मग करतो सही." बढती झाली. सही राहिली... सलीमने पुन्हा विचारलं नाही. भेटला की माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करायचा.

शोकसभेत तोच पेपर फ्रेम करून त्याच्या अम्मींच्या हातात दिला. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! त्यात माझेही दोन हात होते, हे लिहिताना स्वतःचीच किळस येते.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशीच्या फातिह्याला कंधारला, त्याच्या घरी गेलो. सलीमच्या खोलीत ती फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. मी विचारलं, "अम्मी, लावली नाहीत?"

"कशाला लावू? खोटं हाय म्हणाला व्हता तो. म्या म्हनलं, मग सांगून टाक लोकायला. तर म्हणे, बालाजीची सही व्हायची हाय, करंल तो."

त्यांनी टेबलावरच्या पुस्तकातून पत्र काढलं. खाली सलीमची सही, तिच्या शेजारी माझं छापील नाव आणि त्यावर कोरी जागा. अम्मींनी त्याचाच पेन दिला. मी सही केली. अम्मी कागदाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"एवढंच व्हतं?" त्या म्हणाल्या.