पेंगुळलेलं झुडूप

मेकॅनिक शफीभाईंची मेहेक बीडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होती. पालीच्या धरणामागच्या डोंगरात तिला वीतभर उंचीचं एक झुडूप सापडलं. काही झाडं रात्री पानं मिटतात, हे मात्र भर दुपारी मान टाकून पेंगायचं. कुठल्याच पुस्तकात त्याची नोंद नव्हती.

तिचे मार्गदर्शक बद्रीनाथ सर हरखले. "नवीन जात हाय पोरी! नाव तूच ठेव."

शास्त्रीय नाव लॅटिनमध्येच ठेवायचं असतं. मेहेक त्या भाषेच्या मागे लागली. 'सोम्नस' म्हणजे झोप. त्याला 'ने भरलेला' अशा अर्थाचा प्रत्यय लागला की 'सोम्नोलेंटस', झोपेनं भरलेला. पण हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं. आपल्या पेंगुळलेला, पेंगुळलेली, पेंगुळलेलंसारखं तिथं सोम्नोलेंटस, सोम्नोलेंटा, सोम्नोलेंटम. असं नाव दोन शब्दांचं; झुडपाच्या गटाचा पहिला शब्द स्त्रीलिंगी, म्हणून दुसरा 'सोम्नोलेंटा'च हवा. तिनं हे समजावलं तेव्हा सरांनी टेबलावर थाप मारली.

"वा! शोधनिबंध दोघांच्या नावानं धाडू."

तिनं नमुने, फोटो, मोजमापं सगळं बिनघोर देऊन टाकलं. दर ईदेला घरी येऊन शिरखुर्मा खाणारा माणूस तो. त्याच्यावर शंका कशी घ्यायची?

निबंध छापून आला तो मैत्रिणीनं मोबाइलवर पाठवला म्हणून कळलं. लेखक एकच, बद्रीनाथ सर. मेहेक शेवटी, आभारांत. आणि झुडपाचं नाव छापलं होतं 'सोम्नोलेंटस'.

ती तडक सरांच्या केबिनमध्ये गेली. एरवी त्यांच्यापुढं जपून बोलणारी, पण तोंडातून घरचेच शब्द निघाले. "सर, माझं नाव कावून न्हाई?"

"आभारात हाय की. तुझ्या नावाला अजून कोण वळखतं? पुढच्या बारीला बघू."

"झुडपाच्या नावाचा शेवटपण चुकवलात. 'टा' पायजे होता."

"ते कुणीबी दुरुस्त करतं. नियमच हाय तसा."

ते खरंच होतं. वर्षभरात परदेशातल्या कुणीतरी 'टस'चं 'टा' केलं. पण त्यापुढं कायम लागणारं, नाव ठेवणाऱ्याचं नाव बदलायचा नियम नव्हता. विभागाकडं तक्रार केली, तर आपसात मिटवा म्हणाले.

मेहेकनं मार्गदर्शक बदलला. आता ती परळीच्या वीजकेंद्राच्या राखेवर उगवणाऱ्या गवतांचा अभ्यास करते. नव्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "इतका रुक्ष विषय का घेतला?"

"त्या गवतांची नावं आधीच ठेवून झालीत, मॅडम," ती म्हणाली.