गळ्यातल्या टेपचा डाग

पंधरा वर्षं भिंतीला भिंत लागून दुकान, तरी शिंपी आपल्याला किती कमी ठाऊक होता, हे घड्याळजीला फार उशिरा कळलं. त्याला मुलंबाळं किती, हेसुद्धा कधी विचारलं नव्हतं. ओळखीची होती ती त्याच्या मशीनची खडखड आणि रोजची थट्टा.

"टेलर, स्वतःची पँट किती वेळा उसवशील? शिवणीच्या दाबातलं जादा कापड संपलं की!"

"खात्यापित्या माणसाचं पोट आहे हे. तुझ्यासारखं पाठीला नाही चिकटलेलं."

पुढे शिंप्याच्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसू लागला. त्याला वाटलं, दिवसभर गळ्यात लोंबणाऱ्या टेपचा रंग उतरतोय. त्याने टेप बदलली, मान घासघासून सोलून काढली. पट्टा हटेना. दोघं त्यावर हसायचे. हसण्यात तीन-चार वर्षं गेली.

एका दुपारी घड्याळजी चहा घेऊन गेला, तर मशीनच्या पायट्यावर रक्त. मोडकी सुई अनवाणी तळव्यात रुतलेली आणि शिंपी खुशाल शिवण घालतोय.

"अरे, पाय बघ!"

शिंप्याने पाहिलं. "दुखतच नाही रे," म्हणाला आणि पांढराफटक पडला.

डॉक्टरीणबाईंनी पायाआधी मान बघितली. "टेपचा कसला डाग! शरीर इन्सुलिनला दाद देत नव्हतं, त्याची खूण होती ही. स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन तयार करत राहिलं आणि शेवटी थकलं, मग रक्तातली साखर वाढत गेली. आता यकृतावर चरबी आहे, मूत्रपिंडं अर्ध्यावर आलीत, डोळ्यांच्या पडद्यात रक्त झिरपतंय. पायाच्या नसा तर बधिरच. तेव्हाच का नाही आलात?"

आत एवढी पडझड, आणि कुठे हूं की चूं नाही! घरी जाऊन घड्याळजीने आरशात स्वतःची मान तीनदा पाहिली. बायकोलाही पाहायला लावली.

जखम चिघळली. उजवा पाय घोट्यापासून काढायचं ठरलं. दवाखान्यात न्यायला गाडी आली, तरी शिंपी मशीनपाशीच उभा.

"एका पायाने चालेल ना रे ही?"

"न चालायला काय झालं? मोटर बसवू." घड्याळजी म्हणाला.

गाडीत बसल्यावर शिंप्याने काच खाली केली.

"शाळेतले मास्तर पँट न्यायला आले तर सांग, मंगळवारी देतो."

"कुठल्या मंगळवारी?"

"तू नुसतं मंगळवारी म्हण. पुढचं मी बघतो."

"बरं."