घाटावर उभं राहिल्याचे पैसे

“बायको मेली आणि म्हातारा लखपती झाला की रे!”

वकील हे म्हणाला आणि ऑफिसात बसलेली माणसं हसली. कारकून हसला. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मी उभा होतो. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. एकीला हात लावला तर वकील म्हणाला, “तिथं नको. तिथं पक्षकार बसतात. तू त्या स्टुलावर टेक.”

मग मी कोण होतो? केस माझी. मेलेली बायको माझी.

स्टुलावर बसलो नाही, पण खुर्चीवरचा हात काढून घेतला. हमालाची सवय. समोरचा खुर्चीत असला की आपली मान आपोआप खाली. माझा सगळा जन्म गुळाच्या अडतीत गेला. व्यापारी गादीवर, मी ढेपेखाली. शाळा दुसरीपर्यंत. मराठी अक्षर लावून लिहिता-वाचता येतं. इंग्रजी नाही.

सुमनची आई, म्हणजे माझी बायको, हातकणंगल्याला लेकीकडं निघाली होती. सुमननं दोन खोल्यांच्या भिंती उभ्या केल्या होत्या. वर पत्रा पडायचा होता. आईला म्हणाली, भिंती तरी बघून जा. वडापच्या, म्हणजे माणसं गोळा करून नेणाऱ्या भाड्याच्या जीपमध्ये मागच्या बाकावर जागा मिळाली. मागनं ट्रक आला. पुढचं मला सांगता येत नाही. सांगणारही नाही.

आमच्या कोल्हापुरात मढं फुकट जाळतात. लाकूड, शेणी म्हणजे गोवऱ्या, कशालाच पैसे पडत नाहीत. शेणी तर गावोगावची माणसं आणून टाकतात, कुणाच्या कुणासाठी. सुमनच्या आईला कुणाच्या शेणींनी जाळलं, मला ठाऊक नाही. त्या देणाऱ्यानं कधी हिशोब मागितला नाही.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. पंचगंगेवर नैवेद्य ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. भाऊबंद एकेक पुढं होऊन शब्द द्यायला लागले. “लेकीला अंतर देनार न्हाय.” “म्हाताऱ्याला संभाळतो, जा तू.” कावळा झाडावरच. तेवढ्यात पांढऱ्या शर्टातला एक माणूस पुढं आला. मी ओळखत नव्हतो. वाटलं, जावयाच्या गावचा कोण पावणा असेल. त्यानं पायातलं काढलं, हात जोडले आणि म्हणाला, “वहिनी, काळजी करू नका. ट्रकवाल्याकडनं न्याय मी मिळवून देतो.”

आणि कावळा उतरला. नैवेद्याला चोच लावली.

बायका हुंदके देऊन रडल्या. मी त्या माणसाच्या पाया पडलो. भर घाटावर. त्यानं मला उठवलं, पाठीवरनं हात फिरवला आणि मग सांगितलं, मी वकील आहे. वकीलपत्रावर सही केली ती कायदा बघून नाही. सुमनच्या आईनंच हा माणूस पसंत केला, असं समजून केली.

भरपाईची केस वर्षानुवर्षं चालली. शेवटी निकाल आमच्या बाजूनं लागला. पैसे कोर्टात जमा झाले. ते सोडवायला वकिलाचा अर्ज लागतो. अर्ज द्यायच्या आधी त्याला त्याच्या बिलावर माझी सही पाहिजे होती. म्हणून त्या दिवशी मी ऑफिसात गेलतो. म्हणून लखपती.

कारकुनानं टाइप केलेला इंग्रजी कागद पुढं सरकवला. “आबा, हितं ‘मान्य’ लिवा. खाली सही.”

“काय मान्य? वाचून दावा की.”

“वाचून तुला काय कळणार आहे?” वकील म्हणाला. पण माणसं बसलेली होती, म्हणून कारकुनाला खूण केली.

कारकून भराभर वाचू लागला. मी ओळीओळीवर बोट सरकवत गेलो. फी. ती मान्य होती, काम केलंय माणसानं. शिक्के. टायपिंग. ठीक. मग आला साक्षीदार आणायचा गाडीखर्च. साक्षीदार म्हणजे जीपमध्ये सुमनच्या आईशेजारी बसलेली बाई.

“ती एस्टीनं आल्ती, सायेब. सोताच्या पैशानं. भाकरीबी घरची आणलेली. माझ्याम्होरं बसून खाल्ली.”

“तुझ्या लक्षात नसेल.”

कारकून पुढं गेला. माझं बोट मात्र त्यानं न वाचलेल्या एका ओळीवर मागंच राहिलं.

“ही वळ ऱ्हायली.”

कारकुनानं वकिलाकडं बघितलं. वकील फोन उचलत म्हणाला, “वाच की. चोरीचं आहे का काय?”

“पक्षकाराची भेट, पंचगंगा घाट. येणं-जाणं आणि वेळ. पंधराशे.”

मला पहिल्यांदा समजलंच नाही. घाटावर कधी भेटलो आम्ही? मग समजलं.

“रक्षेला आल्तासा, त्येचं?”

“अरे, अर्धा दिवस गेला माझा! तू ढेपा मोजून पैसे घ्यायचास, आम्ही वेळ मोजून घेतो. त्यात रडण्यासारखं काय आहे?”

मी रडत नव्हतो. मी त्याचे पाय बघत होतो. ह्याच पायांवर डोकं ठेवलं होतं मी. मी खाली वाकलेला, आणि ह्याच्या डोक्यात रिक्षासारखं मीटर पळत होतं. “वहिनी” म्हणाला त्याचे पैसे. पाठीवरनं हात फिरवला त्याचे पैसे. सुमनच्या आईला दिलेला शब्द, त्याचेही पैसे, आणि ते तिच्याच जिवाच्या भरपाईतनं कापून घ्यायचे.

तेव्हा मान वर आली. कशी आली ते सांगता येणार नाही. आली.

“सायेब, वज्जं उचलल्याचं पैसं घेतलं मी, जल्मभर. खांदा दिल्याचं कुणाकडनं घेतलं न्हाय. सही करनार न्हाय.”

कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनं बोललंही नाही.

“मग बस बोंबलत,” वकील म्हणाला. “फाईल माझ्याकडं आहे. बघतो तुला दुसरा कोण मिळतो ते.”

कोण मिळाला नाही. दुसरा वकील करायचा तर पहिल्याची ना-हरकत लागते म्हणे. एकानं खरं तरी सांगितलं, “आबा, त्याचं नि आमचं टेबल शेजारी हाय. रोज तोंड बघायचं असतंय.”

सुमनकडं गेलो. भिंती तशाच, वर ताडपत्री. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “पंधराशे रुपयासाठी अडून बसलासा व्हय? टाका जावा सही. आई काय माघारी येनार हाय?”

“पंधराशासाठी न्हाय गं.”

“मग कशासाठी? माझी पोरं ह्या ताडपत्रीखाली झोपत्यात, आबा.”

तिचं खरं होतं. तिनं जेवायला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. अजून नीट बोलत नाही.

काही दिवसांनी वकिलाचा कारकून मंगळवार पेठेत माझ्या खोलीवर आला. दारातच उभा राहिला. “आबा, सायेब म्हंत्यात तेवढी वळ खोडतो. गाडीखर्चबी खोडतो. चुकून पडलं. मिटवा आता.”

“चुकून पडलं तर तसं लिवून द्या. रक्षेला येऊन पैसं लावलं, ते चुकलं म्हणून.”

“आसं लिवून देत असतोय व्हय कोण वकील? यडं हायसा काय?”

“मग जावा.”

तो गेल्यावर मी दार लावून बसलो. सुमनची पोरं डोळ्यांपुढनं हलेनात. उठून त्याला हाक मारावी असं वाटलं. खोटं कशाला सांगू, दाराच्या कडीला हातही लावला.

पण मग दिसलं की हा माणूस उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी मयताला हात जोडून उभा राहणार. तिथं खोडायला सांगणारा कोण असेल, नसेल. गुपचूप खोडलं की ते झालंच नाही. मग मी नुसता किटकिट करणारा म्हातारा.

मी माझ्या हातानं, माझ्या अक्षरात, मराठीत तक्रारीचा अर्ज लिहिला. कोर्टातल्या बाबूनं परत केला. “वकिलामार्फत या.”

“वकिलाची तक्रार वकिलामार्फत कशी आणू, पावणं?”

त्यानं अर्ज परत आपल्याकडं ओढला. मग शिक्का मारला.

तारीख पडली आहे. पुढची पडेल, तिच्या पुढचीही पडेल. मी जाणार. पुकारा झाला की उभा राहणार आणि ती ओळ सगळ्यांपुढं मोठ्यानं सांगणार. मिटवायला आत बोलावलं तर जाणार नाही. फी देणार. शिक्क्याचं देणार. टायपिंगचं देणार. घाटावरच्या त्या दिवसाचा एक पैसाही देणार नाही, आणि तो माफ करून घेणार नाही.

सुमनच्या घरावर पत्रा उशिरा पडेल. तिचा राग माझ्यावर राहील. तो मी सोसतो. पण त्या कागदावर ‘मान्य’ लिहून पाहिजे असेल तर त्यानं माझा हात खांद्यापासून तोडून न्यावा. मी जिवंत असताना हा हात ते अक्षर लिहिणार नाही.