इंटरकॉमवरचं विणकाम

नोएडात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तेव्हा मला कांजिण्या झाल्या. वय सव्वीस, लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याला परदेशी कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही कऱ्हाड सोडून थेट इथे आलो होतो. चार मजल्यांचा ब्लॉक, आमचं घर दुसऱ्यावर. भिंतींना अजून रंगाचा वास, निम्मे फ्लॅट रिकामे, समोर मोहरीची शेतं आणि त्यापलीकडे उभे राहणारे आणखी ब्लॉक. ओळख कुणाशीच नव्हती. माझं हिंदी शाळेत पाठ केलेलं. भाजीवाल्यासमोरसुद्धा मी आधी मनात वाक्य जुळवायचे आणि मग बोलायचे.

डॉक्टरांनी सांगितलं, खपल्या सुकेपर्यंत खोलीबाहेर पडायचं नाही. नवऱ्याला लहानपणी कांजिण्या झालेल्या नव्हत्या, त्यामुळे त्याने गादी हॉलमध्ये नेली. ताट दाराशी ठेवायचा आणि चार पावलं मागे सरून उभा राहायचा. घरी फोन नव्हता, नुसता नंबर लावून ठेवलेला. संध्याकाळी तो एसटीडी बूथवरून माझ्या आईशी बोलायचा आणि घरी आल्यावर दाराबाहेर उभा राहून तिच्याच सुरात मला ऐकवायचा, "अगं, खाजवू नकोस, व्रण राहतील! आणि जावईबापूंच्या जेवणाचं काय करतेयस?" मी आतून हसत सुटायचे. पण सकाळी तो ऑफिसला गेला की दिवस संपता संपायचा नाही. अंगाची आग, खाज आणि पंख्याची पाती मोजणं.

त्याच सुमारास सोसायटीने घरोघर इंटरकॉम बसवले होते. नवऱ्याने वायरमनला सांगून आमच्या इंटरकॉमची वायर लांबवून घेतली आणि यंत्र माझ्या उशाशी आणून ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते पहिल्यांदा वाजलं. मी दचकून उचललं.

"बेटा, मैं ऊपरवाले फ्लॅट से बोल रही हूँ," एका बाईचा भारदस्त आवाज. "सुना है, तुम्हारे यहाँ माता आई है?"

"नहीं जी," मी म्हटलं, "माता तो कऱ्हाड में है. उसको टिकट नहीं मिला."

पलीकडून असं हसू फुटलं की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. इकडे कांजिण्यांनाच 'माता' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मग मीही हसले. त्या आजारपणात मी पहिल्यांदाच अशी पोट धरून हसले.

त्या म्हणाल्या, मला बीजी म्हण. पंजाबी, मुलगा आणि सुनेबरोबर राहणाऱ्या. सुनेला आठवा महिना लागलेला, म्हणून खाली येऊन मला बघणं शक्य नव्हतं. पण बोलायला काय हरकत होती? त्या रोज दुपारी इंटरकॉम करू लागल्या. चौथ्याच दिवशी त्यांनी निदान केलं, "तेरे हाथ खाली हैं, इसलिए खुजली होती है. बाल्कनी में जा."

मी खोलीला लागूनच असलेल्या बाल्कनीत गेले. वरून दोरीला बांधलेली पिशवी डुलत डुलत खाली आली. आत विणायच्या दोन सुया आणि नारिंगी लोकरीचे गुंडे. माझा हात लागलेलं काही वर जायला नको, म्हणून मी पिशवी धरताच त्यांनी वरून दोरीही सोडून दिली. मला दिसला तो फक्त काचेच्या बांगड्यांचा एक हात.

मग सुरू झाली शिकवणी. रिसीव्हर मान आणि खांद्यात दाबून मी सुया धरायचे आणि वरून सूचना यायच्या, "दो सीधे, दो उल्टे. फंदा ढीला रख." फंदा म्हणजे सुईवरचा टाका. आमच्याकडे फंदात पडू नये म्हणतात, आणि इथे मी चाळीस फंद्यांत आनंदाने गुंतले होते! एका टाक्यातून दुसरा टाका निघतो आणि खरंच कापड तयार होतं, हे बघून मला इतका हर्ष झाला की नवरा घरी आल्याबरोबर मी दार चार बोटं उघडून ती पट्टी नाचवून दाखवली.

"छान! काय आहे हे?" त्याने लांबूनच विचारलं.

"अहो, मफलर!"

"कुणाचा? हत्तीचा?"

खरंच पट्टी वर वर रुंद होत चालली होती. दुसऱ्या दिवशी बीजींनी विचारलं, "कितने फंदे हैं?"

"एकोणपन्नास," हिंदी आकडा न आठवून मी म्हटलं.

"ये कौनसा पचास है, पुत्तर?"

शेवटी मी एक एक टाका मोठ्याने मोजला. "चालीस डाले थे, नौ कहाँ से पैदा किए?" त्या ओरडल्या, आणि मला सगळं उसवायला लावलं. आश्चर्य म्हणजे मला वाईट वाटलं नाही. उद्याची दुपार कधी येते असं झालं होतं. आठ दिवसांत माझं हिंदी धावायला लागलं.

अकराव्या दिवशी इंटरकॉम भलत्याच वेळी, सकाळी साडेदहाला वाजला. बीजी घाईघाईने बोलत होत्या. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच. मुलगा कामावर. गेटवर कुणी उचलत नव्हतं, आणि सुनेला सोडून खाली जायची त्यांची हिंमत नव्हती.

"बीजी, आप उनके पास बैठो. मैं देखती हूँ," मी म्हटलं.

मला दार उघडून धावता येत नव्हतं. हातात होतं ते फक्त उशाशी ठेवलेलं यंत्र. मी पहिल्या मजल्यापासून एकामागून एक नंबर फिरवायला लागले. रिकामा फ्लॅट, नुसती घंटा. दुसरा, तेच. तिसऱ्या घरी एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे गाडी नाही, पण मी वर जाते त्यांच्या सोबतीला. चौथा, पाचवा. सहाव्या घरी एका वयस्कर गृहस्थांनी उचललं. त्या क्षणी मी एकही वाक्य मनात जुळवलं नाही. "अंकल, आपके पास गाडी है? ऊपर बच्चा होनेवाला है, अभी, तुरंत!"

"गाडी है, बेटी," ते म्हणाले. "चाबी ढूँढता हूँ. तुम गेट खुलवाओ."

मी गेटचा नंबर फिरवत राहिले, तो वॉचमनने उचलेपर्यंत. मग बाल्कनीच्या बंद काचेला नाक लावून उभी राहिले. खाली पांढरी मारुती आली. जिन्यातून दोघी सुनेला सावरत उतरल्या. त्यांतल्या बीजी कोणत्या ते बांगड्यांवरून ओळखलं. मला वाटलं होतं, त्या उंच आणि धिप्पाड असतील. प्रत्यक्षात त्या सुनेच्या खांद्यालाही लागत नव्हत्या! गाडीत बसता बसता त्यांनी माझ्या बाल्कनीकडे बघून हात जोडले. मी काचेवर दोन्ही हात आपटत राहिले.

दुपारी जेवण गेलं नाही. चार वाजता सहाव्या घरच्या अंकलनी इंटरकॉम केला, "लडकी हुई है. छोटीसी है, पर गला बडा तेज है. माँ भी ठीक है." मी एकटीच खोलीभर नाचले. संध्याकाळी नवऱ्याला दारातून सगळी हकीकत सांगितली, तर तो म्हणाला, "तू? हिंदीतून? सगळ्या ब्लॉकला?" आणि बूथकडे पळाला. त्या दिवशी आईला सांगायला त्याच्याकडे बातमी होती.

माझ्या खपल्या पडल्या. डॉक्टरांनी मोकळं केलं आणि तीनच दिवसांनी होळी आली. मी जिना उतरून अंगणात गेले, तर कुणीच मला चेहऱ्याने ओळखेना. मी "होली मुबारक" म्हटलं मात्र, पाठीमागून एक बाई ओरडल्या, "अरे, ये तो वही आवाज है, फोनवाली!" आणि पाचसात जणी गुलाल घेऊन धावल्या. आईने बजावलं होतं, चेहऱ्याला रंग लावू देऊ नकोस. मी खोबरेल तेल थापून आले होते आणि गाल पुढे केले. थोड्या वेळाने सगळेच चेहरे हिरवे-जांभळे झाले. माझे डाग कुठले आणि रंग कुठला, ते कुणाला कळत नव्हतं, आणि मलाही त्याची फिकीर उरली नव्हती.