मशेरीचं बोट

आगाशीच्या रंभाबाईंच्या उजव्या तर्जनीचं टोक कायमचं काळपट. उभा जन्म त्या बोटानं मशेरी लावली. तंबाखू तव्यावर स्वतः भाजायच्या, स्वतः कुटायच्या आणि ओट्यावर बसून दातांवरून बोट फिरवत अर्ध्या आळीला कामाला लावायच्या. तोंडात मशेरी असताना त्यांच्याशी भांडून कुणी जिंकल्याचं आळीत कुणाला आठवत नाही.

बाईंचा हट्ट एकच: बोळक्या तोंडानं मरायचं नाही. आईला पन्नाशीतच भाकरी कालवून गिळताना त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे रक्तात साखर निघाली तेव्हा त्या फारशा घाबरल्या नाहीत, पण समोरचे दोन दात हलू लागले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सून रचना त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर निधीनं हिरड्या आतपर्यंत साफ केल्या. "आजी, साखर वाढली की हिरड्या सडतात, आणि हिरड्या सडलेल्या असल्या की साखर खाली येत नाही. दात वाचतील अजून. मशेरी बंद. आणि हिरड्यांसाठी या कॅप्सूल. जेवणानंतर रोज एक, चुकवायची नाही."

रंभाबाईंनी मशेरीचा डबा त्याच दिवशी चुलीत रिकामा केला. घरचे बघतच राहिले.

पुन्हा दाखवायला गेल्या तेव्हा शाबासकी मिळणार म्हणून त्यांनी ऐटीत तोंड उघडलं. निधीचा हात जागीच थांबला. हिरड्या पांढऱ्याफटक पडून सोलवटल्या होत्या.

"हे काय लावलंत?"

"तुमचीच दवा! फोडायची, भुकटी बोटावर घ्यायची नि चोलायची. लय चुरचुरते मेली, पन एक दिस चुकवला नाय. दुखनं हिरडीला, मग दवा पोटात कशाला?"

रचनाच्या हातातली पर्स खाली पडली. "अहो आई, गिळायच्या होत्या त्या!"

"गिलायच्या? असं कोन बोललं?"

निधीनं आठवून पाहिलं. खरंच कुणी बोललं नव्हतं. तिचा चेहरा उतरला. औषध रक्तात पोचलंच नव्हतं. त्यानं वरची कातडी तेवढी भाजली होती, आत पू तसाच होता आणि नव्या रिपोर्टात साखर आधीपेक्षा वर गेली होती. आता कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायच्या, साखर उतरवायची, आणि मग ते दोन दात काढायचे.

रंभाबाई हादरल्या. जन्माची सवय मोडली, आग सोसली, आणि आपल्याच बोटानं आपले दात घालवले? त्यांच्या डोक्यात ते शिरेचना. रिक्षात बसल्यावर त्यांनी ते बोट पदरात गुंडाळून घट्ट धरलं.

दात काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओट्यावर येऊन बसल्या. बोट सवयीनं तोंडाकडे गेलं, आणि पुढच्या दोन दातांच्या जागी पडलेल्या खिंडीत अडकलं. समोरून शेजारीण विचारत होती, "काय रंभाबाय, आज गप?"

रंभाबाईंनी ओठ मिटून घेतले.